हातांची विचारपूस

बसल्या जागी बसा. पाठ टेकलेली असली तरी चालेल. हातातलं काम बाजूला ठेवा आणि दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवा. डोळे मिटू नका, आज बघायचंच आहे.

उजव्या अंगठ्याने डाव्या हाताची बोटं एकेक करून चाचपा. कुठे विळीने कापल्याचा जुना वण असेल, कुठे तव्याचा चटका बसल्याची खूण. तो चटका बसला तेव्हा तुमच्या मनात काही यायच्या आत हात मागे आला होता. चटका बसला आणि हात वाचला, दोन्ही एकदमच झालं. या गोष्टीपाशी थोडं रेंगाळा. घाई कसलीच नाही.

सुख म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर आपल्या तोंडी पहिलं उत्तर येतं ते असं: कसला त्रास नको, डोक्याला ताप नको, दुखणंखुपणं नको. मागणं साधं आहे आणि त्यात वावगं काहीच नाही. पण ते एखाद्या हाताच्या बाबतीत शब्दशः खरं झालं तर काय होतं, ते आता पाहू.

कुष्ठरोगाचे जंतू नसांवर घाला घालतात. कोपराजवळची नस जाडावते, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होऊन आत वळू लागतात. पूर्वी सगळे समजत, की या रोगात मांस सडतं आणि बोटं झडतात. वेल्लोरच्या रुग्णालयात काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांना 1940 च्या दशकाच्या शेवटी या समजाबद्दल शंका येऊ लागली. एकदा एका कोठाराचं गंजलेलं कुलूप त्यांना काही केल्या उघडेना. एका हडकुळ्या कुष्ठरुग्ण मुलाने किल्ली घेतली आणि झटक्यात फिरवली. एवढा जोर आला कुठून, म्हणून त्यांनी त्याचा हात पाहिला, तर बोट हाडापर्यंत कापलं होतं आणि मुलाला त्याचा पत्ता नव्हता. मग उलगडा होत गेला. बोटं जात होती ती भाजून, चेपून, चिघळून, कारण दुखतंय हे कळतच नव्हतं. काहींची बोटं रात्री झोपेत उंदीर कुरतडत. तेव्हापासून घरी जाणाऱ्या रुग्णांना सोबत एकेक मांजर देण्याची रीत पडली.

त्या मुलाचा हात डोळ्यांसमोर आणा. कसलीच वेदना नसलेला हात. इथे थांबा, दोन-चार श्वास जाऊ द्या.

पुढे अमेरिकेत ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम वेदना तयार करण्याचा घाट घातला. दाब मोजणारे संवेदक बसवलेले हातमोजे, धोका झाला की आधी नुसता आवाज. आवाजाकडे रुग्ण दुर्लक्ष करत. मग काखेत विजेचा झटका. तरी गाडं अडलं. एका माणसाला घट्ट बसलेला नट ढिला करायचा होता. झटका बसू लागला तसा त्याने यंत्राचं बटण बंद केलं, काम उरकलं आणि बटण पुन्हा चालू केलं. बरीच वर्षं खर्ची घालून तो प्रकल्प शेवटी सोडून द्यावा लागला.

मला या सगळ्या हकिकतीत ते बटण सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्या माणसाला दोष देऊ नका. आपणही तेच केलं असतं, किंबहुना करतच असतो. आता स्वतःला विचारा, माझं बटण कुठे आहे? म्हाताऱ्या आईचा आवाज फोनवर जरा खोल गेलेला जाणवतो आणि आपण "बाकी सगळं ठीक ना?" म्हणून विषय मिटवतो, तिथे असेल. ज्या कामात जीव राहिलेला नाही ते वर्षानुवर्षं रेटत राहतो, तिथे असेल. उत्तर लगेच आलं नाही तरी हरकत नाही. प्रश्न मात्र मांडीवरच्या हातांसारखा उघडा राहू द्या.

ब्रँड जन्मले त्याच वर्षी, 1914 साली, हिंगणघाटला मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, यांचा जन्म झाला. वरोऱ्यात नगरपालिकेचं काम पाहणाऱ्या आणि स्वतः मैला वाहणाऱ्या या माणसाला एका पावसाळी दिवशी गटाराच्या कडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण दिसला, बोटं गेलेला, अंगाला किडे लागलेला. बाबा तिथून पळाले. हे त्यांनी स्वतः कधी लपवलं नाही. भीती कुणालाही वाटेल, पण ती वाटल्यावर त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवून ठेवली नाही. ते परत गेले, त्याच्यावर आडोसा उभा केला, तो मरेपर्यंत त्याची शुश्रूषा केली. कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं. 1951 साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर पत्नी साधनाताई आणि मोजक्या रुग्णांसह आनंदवन सुरू झालं. आधी विहीर खणली. खणणारे हात बधिर होते. भाजीपाला निघाला तेव्हा तो घ्यायला गावातलं कुणी तयार नव्हतं. पुढे देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक तिथे येऊन राहिले, रुग्णांच्या पंगतीला बसले, तेव्हा कुठे गावाची भीती हळूहळू सुटली.

त्या माळावर आनंद कुठून आला असेल? मला वाटतं, ज्या हातांना जगाने टाकून दिलं होतं त्यांच्यावाचून तिथे कुणाचं तरी अडत होतं. विहिरीचं, शेताचं, शेजारच्या आंधळ्या माणसाचं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे सुख फार जुनं आणि फार खोल आहे. स्वतः बाबांचा मणका इतका निकामी झाला, की कितीतरी वर्षं त्यांना बसता आलं नाही. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं, एवढंच. वेदना संपण्याची वाट पाहत ते थांबले असते, तर आनंदवनाचं पुढचं काहीच घडलं नसतं.

आता पुन्हा आपल्या हातांकडे या. आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो, पण आधीच गेलेली संवेदना बहुधा परतत नाही. म्हणून बरे झालेले रुग्ण रोज हातापायांची निगा राखायला शिकतात. घमेल्यात साधं पाणी घेऊन हातपाय भिजवायचे, कडक झालेली कातडी हलक्या हाताने घासायची, ओल टिकून आहे तोवर तेल चोपडायचं. आणि बघायचं. बोटांच्या बेचक्या, टाचा, तळव्याचा प्रत्येक कोपरा. कुठे लाली आहे, कुठे फोड, कुठे काटा रुतलाय. जे जाणवत नाही ते नजरेने शोधायचं. एक दिवस चुकवून चालत नाही. जखम लहान असतानाच सापडावी लागते.

हे चित्र मला मोठा धीर देतं. संवेदना गेली तरी काळजी घेता येते, आणि ती शिकता येते. ज्या नात्यात आता काही वाटेनासं झालंय, तिथेही रोज नजर फिरवता येते. आतून उमाळा येण्याची वाट पाहायची गरज नाही. घासणारा हात आधी चालू लागतो.

तेव्हा आजच्या दिवसावरून अशीच नजर फिरवा. सकाळपासून कोण कोण भेटलं? घरातल्या कुणाचा चेहरा आज पुरता पाहिला नाही? कुणाच्या बोलण्यातली लाली दिसूनही पुढे गेलात? एकेक चेहरा येऊ द्या, जाऊ द्या. त्यातला एक अडेल, जाणार नाही. त्याच्यापाशी थांबा. त्याला आत्ता काय हवं असेल: पैसे, सोबत, नुसतं ऐकणारं माणूस? नक्की माहीत नसेल तर विचारावं लागेल. फार रात्र झाली नसेल तर हे वाचन इथेच ठेवा आणि फोन लावा.