पायरीवरील न्यायासन

दिनांक 14 ऑक्टोबर 2025 च्या रात्री, मडगावला फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या पायरीवर बसून, आम्ही एका मनुष्याला त्याचे म्हणणे न ऐकता दोषी ठरविले. वीस वर्षे वकिली केलेल्याने हे लिहावे यात भूषण नाही. पण घडले ते असे घडले. सामना आशियाई चषकाच्या पात्रता-फेरीतला, समोर सिंगापूरचा संघ. चौदाव्या मिनिटाला छांगटेने गोल केला तेव्हा आमच्या रांगेतील अनोळखी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडली. मग मध्यंतराच्या अगदी तोंडावर एकदा आणि उत्तरार्धात पुन्हा एकदा साँग उई-यंग याने चेंडू आपल्या जाळ्यात धाडला. सामना 1-2 असा गेला, आणि 2027 साली सौदी अरेबियात भरणाऱ्या स्पर्धेचे दार भारताला बंद झाले. शेवटची दहा मिनिटे आमच्या रांगेत एकच घोष चालला होता : "काढा त्याला!" तो म्हणजे रेषेपलीकडे हात बांधून उभा असलेला प्रशिक्षक. त्या घोषात आमचाही आवाज होता, आणि तो काही लहान नव्हता.

शेजारी आमचा भाचा बसला होता. शाळेच्या संघातून खेळलेला मुलगा; तो मात्र गप्प होता. बाहेर पडताना त्याने सहज विचारल्यासारखे विचारले, "मामा, कोणाक काडूंक सांगतालो तूं?" आम्ही उत्तर दिले नाही.

प्रेक्षकाने तोंड उघडूच नये, खेळात हारजीत चालायचीच, असे सांगणारी सोवळी मंडळी असतात. त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य नाही. ज्याला पराभवाचे दुःख होत नाही त्याचे प्रेम संशयास्पद आहे, आणि दुःख झाले की शब्द कठोर होणारच. आपल्या परंपरेने हा अधिकार प्रत्यक्ष देवाच्या बाबतीतही नाकारलेला नाही. नामदेवाघरची दासी जनाबाई विठ्ठलाला ज्या शब्दांत खडसावते ते शब्द आपण शेजाऱ्याला वापरले तर अब्रूनुकसानीची फिर्याद होईल. पण जनीला तो अधिकार कोठून आला, हे आपण विसरतो. ती जात्यावर बसलेली होती. दळण तिचे, कांडण तिचे, आणि रागावली तरी पंढरी सोडून जाण्याचा विचार तिच्या मनाला शिवत नव्हता. तिच्या शिव्यांत 'तू' आणि 'मी' यांमधले अंतर वाढत नाही, नाहीसे होते.

आमच्या पायरीवर नेमके उलटे घडले. छांगटेच्या गोलानंतर जो तो म्हणत होता, "आमी जिखतले." दुसरा गोल बसताच शब्द बदलला : "ते हारतले." एका तासात 'आमी' चे 'ते' झाले. जय होईल तर भागीदारी आणि पराजय होईल तर फारकत, असा करार कोणी आमच्याकडे तपासायला आणला असता तर तो एकतर्फी म्हणून आम्ही सही करू दिली नसती.

आता प्रकरणाचे कागद पाहू. रात्री ते पाहिले नव्हते, म्हणून सकाळी पाहिले. ज्याला काढा म्हणून आम्ही ओरडत होतो त्याने संघाची सूत्रे हाती घेतली ती ऑगस्ट 2025 मध्ये. पात्रता-फेरीचा हा गट सुरू झाला होता मार्चमध्ये, बांगलादेशाशी शिलाँगला झालेल्या 0-0 बरोबरीने. जूनमध्ये हाँगकाँगने अखेरच्या क्षणी मिळालेल्या पेनल्टीवर 1-0 असे हरविले. चारांपैकी दोन सामने आधीच्या स्पॅनिश प्रशिक्षकाच्या खात्यावरचे. (हाच गृहस्थ त्याच हंगामात एफसी गोवाचाही प्रशिक्षक होता आणि मे महिन्यात त्याने गोव्याला सुपर कप जिंकून दिला होता, त्यामुळे एकाच वर्षात फातोर्ड्याने त्याला डोक्यावर घेतले आणि देशाने नालायक ठरविले.) शिवाय जुलैत आयएसएल अनिश्चित काळासाठी स्थगित झालेली. राष्ट्रीय महासंघाच्या घटनेचा वाद 2017 पासून न्यायालयात. सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनेला मान्यता दिली ती सप्टेंबर 2025 मध्ये. आठ वर्षे ज्या घराची घटनाच वादात, त्या घरात नुकत्याच आलेल्या माणसाच्या गळ्यात सगळे माप घालून आम्ही मोकळे झालो. कारण उघड आहे. महासंघ पायरीवरून दिसत नाही, प्रशिक्षक दिसतो.

आणखी एक गोष्ट आम्हांला अधिक टोचली. बरोबर आठ दिवसांनी, 22 ऑक्टोबरला, त्याच मैदानावर एफसी गोवा सौदीच्या अल नस्र संघाशी खेळला आणि हरला. आकडा तोच : 1-2. ब्रायसन फर्नांडिसने एक गोल केला, आणि आम्ही सगळे ऊर अभिमानाने भरून घरी आलो. त्या रात्री कोणाला काढावे असे आमच्या मनातही आले नाही. म्हणजे राग पराभवाचा नव्हताच. अल नस्रकडून हरणे आमच्या हिशेबात बसत होते. सिंगापूरकडून हरणे बसत नव्हते. एवढासा देश, असे मनात कोठेतरी होते. त्या एवढ्याशा देशाने पुढे नोव्हेंबरात हाँगकाँगलाही हरवून आशियाई चषकात प्रथमच खेळाच्या बळावर प्रवेश मिळविला. 1984 साली तो खेळला होता तो यजमान म्हणून. आमच्या प्रशिक्षकाच्या चुका मोजण्याच्या नादात त्या अकरा जणांचा पराक्रम आम्ही गिळून टाकला होता. निंदा एकाची होते आणि अन्याय दोघांवर होतो.

महाभारतातला शल्य आठवतो. कर्णाच्या रथावर बसून तो कर्णालाच हिणवतो, हंस आणि कावळ्याची गोष्ट सांगून त्याचे तेज उतरवितो. शल्याने तसे वचन युधिष्ठिराला दिलेले होते. त्याचा हेतू तरी स्पष्ट होता. आम्ही कोणाला वचन दिले होते? फौजदारी कायद्यात हेतूला मोठे महत्त्व असते, पण रथाच्या चाकाला सारथ्याचा हेतू कळत नसतो.

यावर कोणी म्हणेल, मग अपयशी प्रशिक्षकाला जन्मभर पोसावे काय? नाही. सबुरी हे काही सिद्ध औषध नव्हे. स्टिमाक यांना 2019 पासून पाच वर्षे मिळाली, आणि तरीही 2024 च्या मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानने भारताला 2-1 असे हरविले. त्यांना जावे लागले हे आम्हांला गैर वाटत नाही. पण हैदराबादचे शाळामास्तर सय्यद अब्दुल रहीम यांचेही प्रकरण त्याच दप्तरात आहे. 1952 साली हेलसिंकीला त्यांचा संघ युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा हरला. दहा गोल! आमच्या पायरीला तो निकाल लावायला दहा मिनिटेही लागली नसती. त्याच रहीमसाहेबांच्या हाताखाली भारत 1956 साली मेलबर्नला चौथा आला आणि 1962 साली जकार्त्याला दक्षिण कोरियाला हरवून सुवर्णपदक घेऊन आला. कोणता प्रशिक्षक स्टिमाक आणि कोणता रहीम, हे ओरडून कळत नाही. त्यासाठी पुरावा वाचावा लागतो, आणि तो वाचायला वेळ लागतो.

भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून राहिलेच आहे. तो दहावीला होता तेव्हा त्याच्या मास्तरांनी घरी येऊन सांगितले होते, की मुलाचा डावा पाय चांगला आहे, त्याला जिल्ह्याच्या निवडीला पाठवा. बहिणीने आमचे मत विचारले. आम्ही शिकवणीची वेळ आणि गुणांची टक्केवारी यांवर, एखाद्या खंडपीठापुढे करावे तसे, अर्धा तास भाषण केले, आणि मुलगा मैदानावरून उठून शिकवणीला बसला. आज तो बँकेत आहे, चांगल्या पगारावर आहे, आणि आमच्यावर त्याचा राग नाही. असे मामा या देशात किती असतील याची गणना कोणी केलेली नाही.

18 नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाने भारताला 1-0 असे हरविले. आम्ही घरीच होतो. मोबाईलवर आकडा पाहिला आणि भाच्याला फोन लावला. "हरले रे," असे म्हणालो. पलीकडून तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हय मामा, हारले आमी."