तू निरोप पुसून टाकलास

शटर अर्धं ओढून घे आणि समोर बस. पाना ठेव खाली. मी आज चहा प्यायला आलेलो नाही.

ती पांढरी गाडी, गेल्या महिन्यात तू सर्व्हिसिंग करून दिलेली. रविवारी ती पाचगणीहून पसरणी घाट उतरत होती. आत नवरा-बायको, म्हातारी आई आणि दोन पोरं. निम्मा घाट उतरला आणि ब्रेकचं पेडल मऊ पडलं. पुढच्या वळणाला तर ते थेट तळाला टेकलं. त्या माणसाने डोकं शाबूत ठेवलं, एकेक करत गियर खाली आणला, हँडब्रेक बेताने ओढला आणि गाडी डोंगराच्या कडेला घासत उभी केली. वाचले. तो माझा शेजारी आहे. ‘सर, गाडी तुमच्याच विद्यार्थ्याकडे दिली होती,’ एवढंच म्हणाला. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

अर्ध्या तासाने पेडल पुन्हा कडक झालं. सोमवारी गाडी तुझ्या दारात आली. तू बसलास, चार वेळा पेडल दाबलंस, ‘ओके आहे, घाटात होतं असं’ म्हणालास आणि गाडी परत पाठवलीस. मी सगळ्यात जास्त बोलणार आहे ते याबद्दल. चुकीचं ब्रेक फ्लुइड भरणं नवशिक्याच्या हातून होतं. पण घाटात गेलेलं पेडल थंड गाडीवर तपासायचं आणि ठणठणीत म्हणून सांगायचं, हे तू कोणाकडून शिकलास? माझ्याकडून नाही.

वर्गात दोन सिरिंज आणि मध्ये सलाइनची नळी जोडून मी पास्कलचा नियम दाखवला होता. एक दाबली की दुसरीचा दट्ट्या तेवढाच बाहेर यायचा. मग मी नळीत बोटभर हवा सोडली आणि सिरिंज तुझ्याच हातात दिली. तू अंगठा आत रेटलास आणि समोरचा दट्ट्या तेवढा हलला नाही. ‘सर, जोर गेला कुठे?’ हा प्रश्न तुझा होता. जोर हवा दाबण्यात गेला. रविवारी घाटात तेच झालं, फक्त हवेच्या जागी वाफ होती. गाडी थंड झाली, वाफेचं पाणी झालं, पेडल वर आलं. सोमवारी तुझ्या पायाला कडक लागलं ते त्यामुळे. दोष आत तसाच होता.

आता वाफ आली कुठून ते सांग. सांगता येतं तुला, परीक्षेत लिहिलं होतंस.

ब्रेक फ्लुइडला सगळे ऑइल म्हणतात, गिऱ्हाइकाने म्हटलं तर चालेल, तू म्हणायचं नाहीस. ते खनिज तेल नव्हे. ग्लायकॉलवर बनलेला द्रव आहे आणि तो हवेतलं पाणी ओढतो. टाकीच्या झाकणातून ओढतो, रबरी होजमधूनही ओढतो. आपल्याकडचे चार महिने पावसाचे, धुक्याचे. गाडी उभी असली तरी त्याचं पाणी पिणं चालूच असतं. डॉट ४ चं सीलबंद फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ती हमी १५५ अंशांवर येते. डॉट ३ ची २०५ वरून १४० वर. शंभर थेंबांत चार थेंबही पाणी नाही आणि डॉट ४ चे पंचाहत्तर अंश गेले! ब्रेकवर पाय ठेवून पसरणी उतरणाऱ्या गाडीत तेवढी उष्णता पॅडमागून कॅलिपरमध्ये यायला वेळ लागत नाही. दर दोन वर्षांनी बदला, असं बहुतेक कंपन्या पुस्तिकेत छापतात ते यासाठी.

त्या गाडीचं फ्लुइड पाच वर्षांत एकदाही बदललेलं नाही. काल मी स्वतः कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून थोडं बाहेर काढलं. कोऱ्या चहासारखं आलं, तळाशी काळा गाळ. नवं फ्लुइड मधाच्या पाण्यासारखं फिकट असतं. तुला हा रंग दिसला नाही, कारण तू निपल उघडलंच नाहीस. बॉनेट उचललंस, टाकीत पातळी कमी दिसली, वरून ओतलंस आणि बिलावर ‘ब्रेक ऑइल’ लिहिलंस.

आणि ती पातळी कमी का झाली होती? फ्लुइड काही पेट्रोलसारखं जळत नाही. बाहेर गळत नसेल तर पॅड झिजलेत. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो, त्याच्यामागची जागा भरायला टाकीतलं फ्लुइड खाली उतरतं. पातळी उतरली हा निरोप होता, ‘चाक काढून बघ’ असा. तू वरून शंभर मिली ओतून तो पुसून टाकलास. चाक मी काढलं. पुढचे पॅड पत्र्याला लागायला नखाएवढे उरले होते. आणि पातळ पॅडमधून उष्णता लवकर पलीकडे जाते, हेही वेगळं सांगायला हवं का? झिजलेला पॅड आणि पाणी प्यालेलं फ्लुइड, दोन्ही एकाच गाडीत, आणि दोन्ही तुझ्या हाताखालून गेले.

ती फळीवरची बाटली दे इकडे. हीच ओतलीस ना? झाकण हरवलंय, तोंडाला चिंधीचा बोळा. कधी फोडलीस? आठवत नाही. म्हणजे तू जे भरलंस तेही पाणी प्यालेलं. काही शे रुपयांची बाटली. उरलं तर टाकून द्यायचं, जपून ठेवायचं नाही. आणि टाकून द्यायचं म्हणजे गटारात नव्हे, वापरलेल्या फ्लुइडच्या कॅनमध्ये, वेगळं.

लेबल वाचून दाखव. डॉट ३. आता त्या गाडीच्या टाकीचं झाकण आठव, त्यावर काय कोरलंय? डॉट ४. दोन्ही एकमेकांत मिसळतात म्हणून चालतं, असं तू म्हणणार. मिसळतात, पण उत्कलनबिंदू खाली येतो. झाकणावर लिहिलंय त्याच्या खालचं घालायचा अधिकार तुला कोणी दिला? आणि डॉट ५ मागवशील तर खबरदार. ते सिलिकॉनचं, यात मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते ग्लायकॉलचंच. नावात एका दशांशाचा फरक, गाडीत जमीन-अस्मानाचा.

गिऱ्हाईक पैसे द्यायला कुरकुरतं, हे मला सांगू नकोस. त्याला नळीतला काळा रंग दाखव. डोळ्यांनी बघितल्यावर नको म्हणणारा माणूस मी तीस वर्षांत पाहिला नाही. मुलांना घेऊन घाटात जाणारा माणूस तर नाहीच.

ऊठ आता. गाडी मी बाहेर आणून लावलीय. नवे पॅड आणि डॉट ४ ची सीलबंद बाटली मागच्या सीटवर आहेत, पैसे नंतर बघू. पिस्टन मागे ढकलण्याआधी टाकीतलं जुनं फ्लुइड सिरिंजने काढून घे, नाहीतर वर येऊन सांडेल आणि रंग खाईल. सांडलंच तर लगेच पाण्याने धू. मग जुनं फ्लुइड कोणत्या चाकातून आधी काढायचं, तो क्रम तोंडपाठ म्हणू नकोस, या गाडीची पुस्तिका उघडून बघ. टाकी एकदाही रिकामी होऊ द्यायची नाही, दर सात-आठ दाबांनी वर बघायचं. चारही चाकांतून फिकट रंग येईपर्यंत थांबायचं नाही.

पेडलवर मी बसतो. तू खाली निपलपाशी. मी ‘दाबलं’ म्हटलं की खोल, तू ‘बंद’ म्हटल्याशिवाय मी पाय उचलणार नाही. मोठ्याने म्हण, मला ऐकू आलं पाहिजे.