मूळ रंग कोणता?

जुनी यंत्रे मिळवून ती पुन्हा चालती करण्याचा छंद इंग्लंड-अमेरिकेत अनेकांनी निष्ठेने जोपासला आहे. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा एखादा लेथ, एखादे भोके पाडण्याचे यंत्र भंगारातून उचलावयाचे, त्याचा खिळा न् खिळा सुटा करावयाचा, गंज उतरवावयाचा, झिजलेले भाग नव्याने घडवावयाचे आणि सरतेशेवटी त्यास जन्मवेळचा रंग द्यावयाचा. यातील कष्टाचे काम लोखंडाचे. पण या मंडळींमध्ये वाद पेटतो तो रंगावरून. करडा म्हणजे नेमका कोणता करडा? त्यात निळसर झाक होती की हिरवट? बाहेरच्या माणसास हा वाद पोरकट वाटेल. आम्हांला तो तसा वाटत नाही. एखाद्या वस्तूचे 'मूळ' कशास म्हणावे आणि हुबेहूब साधलेले साम्य हे सत्य की सोंग, हे प्रश्न या रंगाच्या डब्यात बुडालेले आहेत.

रंग शोधण्याची रीत सरळ दिसते. यंत्रावर कारखान्याची पितळी नामपट्टी असते. ती उचकटली की खाली ऊन, तेल आणि हात यांपैकी काहीच न लागलेला एक चौकोन सापडतो. शोधणाऱ्यास वाटते, मूळ रंग गवसला! परंतु जुने रंग बहुधा जवसाच्या तेलात कालवलेले असत आणि या तेलाचा स्वभाव विलक्षण आहे. ते अंधारात पिवळे पडते, उजेडात ठेवले तर ती पिवळट झाक बरीचशी ओसरते. म्हणजे पट्टीखाली जपलेला तो चौकोन जपला जात असतानाच बदलत होता. म्हणून जाणकार तो तुकडा आधी काही दिवस उजेडात ठेवतात आणि मगच त्याच्याशी नवा रंग ताडून पाहतात. झाकून ठेवलेली वस्तू अबाधित राहते, हा आपला समज किती खोलवर रुजलेला असतो!

दुसरी रीत पॉलिश पेपरची. एका जागी हलक्या हाताने घासत गेले की झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे थरांची वर्तुळे उमटतात आणि मग खरी पंचाईत होते. आरंभीच्या काळात यंत्रे काळी किंवा गडद करडी रंगवीत, कारण त्यावर मळ दिसत नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत फेबर बिरेन यांच्यासारख्या रंगतज्ज्ञांनी उलट विचार मांडला, की कामगाराचा डोळा शिणू नये आणि अपघात टळावेत म्हणून यंत्राचे अंग फिकट व शांत रंगाचे असावे, प्रत्यक्ष काम चालते तो भाग वेगळ्या रंगाने उठून दिसावा. ड्युपाँट कंपनीने याच धर्तीची रंगयोजना कारखान्यांपुढे ठेवली. पुढे हिरवट करडी यंत्रे सर्रास दिसू लागली, आणि अनेक जुन्या काळ्या यंत्रांवरही कारखान्यातच हिरवा हात फिरला.

आता समजा, अशा एका यंत्राच्या पायाशी काळा थर आहे, त्यावर हिरवा. काळ्या रंगात ते विकले गेले आणि काही वर्षे चालले, हिरव्या रंगात त्याने तीन पिढ्यांच्या कारागिरांना भाकर मिळवून दिली. यातले मूळ कोणते? छंदी माणूस बहुधा निःशंकपणे काळ्याची बाजू घेतो. आम्हांला हा कौल घाईचा वाटतो. त्यात कारखानदाराचा हेतू जपला जातो, मात्र ज्याने ते चाक हजारो वेळा फिरवले त्याची आठवण खरवडून टाकली जाते. आपल्याकडे लहान कारखान्यांत खंडेनवमीला यंत्रे धुऊनपुसून पूजली जातात, कोठे कोठे त्या निमित्ताने रंगाचा हातही फिरतो. तो हात 'अस्सल' नाही असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

थराचा निवाडा झाला तरी रंग जुळत नाही, ही आणखी एक गंमत. जुन्या हिरव्यात पुष्कळदा शिशाचे क्रोम पिवळे आणि प्रशियन निळे यांचे मिश्रण असे. शिसे हे विष. अमेरिकेने 1978 साली घरगुती रंगांतून ते जवळजवळ हद्दपार केले, भारतात 2016 च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग एवढी खाली आणली. जुना रंग कोरडा घासणाऱ्याने ती धूळ कपड्यांवरून घरातल्या लेकरांपर्यंत जाते, हे विसरू नये. तेव्हा आज तीच छटा दुसऱ्या द्रव्यांनी साधावी लागते. आणि भिन्न द्रव्यांचे दोन रंग दुपारच्या उजेडात एकरूप दिसले, तरी पिवळ्या दिव्याखाली विलग होऊ शकतात. मापनयंत्र दोहोंतला फरक आकड्यांत सांगेल, पण कोणता उजेड प्रमाण मानावा हे ते सांगणार नाही. येथे मूळाशी इमान न राखणे हेच योग्य होय, असे आम्ही म्हणू.

आणि तरीही रंग द्यावाच. दमट हवेत उघडे बीड फार दिवस टिकत नाही. चालत्या यंत्रास रंग हे वस्त्र आहे, दागिना नव्हे. (संग्रहालयात स्थिर उभ्या राहणाऱ्या यंत्राची गोष्ट वेगळी, त्याला हात न लावलेलाच बरा.) आमची हरकत रंगाला नाही, त्याच्या आड काय चालते त्याला आहे. ओतकामाचा खडबडीतपणा मूळ कारखानदारही लांबी भरून झाकीत असत, त्यात कोणाची फसवणूक नव्हती. पण तडकलेल्या बीडावर लांबी भरावी, त्यावर अचूक जुळवलेला जुना रंग चढवावा आणि 'अस्सल अवस्थेतील' यंत्र म्हणून ते विकावे, हा व्यवहार निराळा. रंग जितका अचूक तितकी तडीची शंका कमी. घेणारा कदाचित उद्या त्याच यंत्रावर झुकून काम करणार असतो, त्याची बोटे तेथे असणार असतात. अशा वेळी बेताचा रंगारी निरुपद्रवी आणि निष्णात रंगारी धोकादायक ठरतो.

वास्तूंच्या जतनासाठी 1964 साली व्हेनिस येथे जी सनद तयार झाली, तिने दोन मर्यादा घातल्या आहेत: तर्क सुरू होतो तेथे पुनर्निर्माण थांबले पाहिजे, आणि नव्याने बसवलेला भाग एकूण वस्तूशी मिळूनमिसळून राहिला तरी मूळ भागापासून ओळखू आला पाहिजे. दगडी इमारतींसाठी लिहिलेले हे नियम लेथला लावले तर कोणी हसेल, हसू द्या. ते पाळणे मुळीच अवघड नाही. नामपट्टीखालचा चौकोन न रंगवता तसाच ठेवावा. मागल्या बाजूस तळहाताएवढी जागा सोडावी, जेथे सगळे थर दिसतील. तड बुजवली असल्यास ती कोठे, कशाने, हे खोक्याच्या दाराच्या आतल्या अंगास लिहावे. सोबत रंगाचा क्रमांक, कोणत्या उजेडात तो जुळवला ते, आणि साल. गिऱ्हाइकाने किंमत विचारण्याआधी ते दार उघडून दाखवावे.