न दिलेल्या वचनाचे ऋण

शब्द देऊन तो न पाळणाऱ्या माणसाला दोष देणे सोपे असते. त्याने काय कबूल केले होते हे दाखवता येते आणि प्रत्यक्षात काय केले हेही दाखवता येते. परंतु ज्याने तोंडाने काहीच कबूल केले नाही, केवळ वर्षानुवर्षे एका रीतीने वागून आपल्या मनात भरवसा निर्माण केला, त्याने एके दिवशी ती रीत मोडली तर त्याला वचनभंगाचा दोष लावता येईल काय? हा प्रश्न जुना आहे. कुटुंबात, व्यापारात, राज्यकारभारात तो पुनःपुन्हा उभा राहतो. येथे मात्र तो अशा क्षेत्रातून उचलला आहे की जेथे नीतिविचाराला जागा असेल असे अनेकांना वाटणार नाही. ते क्षेत्र म्हणजे मुलांचा, आणि आता मोठ्यांचाही, व्हिडिओ गेम.

‘पोकेमॉन’ या खेळाच्या पहिल्या दोन आवृत्त्या, तांबडी आणि हिरवी, जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी बाजारात आल्या. त्यांचा जनक सातोशी ताजिरी टोकियोजवळच्या माचिदा या उपनगरात वाढला. लहानपणी त्याला किडे गोळा करण्याचा छंद होता. पुढे शहर पसरले, शेते आणि तळी नाहीशी झाली आणि किडेही गेले. तो हरवलेला आनंद नव्या मुलांना निराळ्या रूपात मिळावा ही या खेळामागची प्रेरणा. रानोमाळ हिंडावे, चित्रविचित्र प्राणी पकडावेत, त्यांना नावे द्यावीत, शिकवून तयार करावे आणि इतरांच्या प्राण्यांशी झुंजवावे, असे त्याचे स्वरूप. पहिल्या खेळात अशा १५१ जाती होत्या. त्यांपैकी काही केवळ तांबड्या आवृत्तीत मिळत, तर काही केवळ हिरवीत. त्यामुळे संग्रह पुरा करायचा तर दोन मुलांनी आपली यंत्रे तारेने जोडून प्राण्यांची अदलाबदल करणे भागच होते. ‘सर्वच्या सर्व पकडा’ अशा अर्थाचे घोषवाक्य घेऊन हा खेळ इंग्रजी जगात गेला आणि तेथेही रुजला.

खेळामागून खेळ निघत गेले. जाती वाढत गेल्या. २००६ साली ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ हे भाग आले तेव्हा २००२ च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’मध्ये पाळलेले प्राणी त्यांत आणता येऊ लागले. २०१० च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’मध्येही ती सोय राहिली. २०१३ च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’नंतर तर ‘पोकेमॉन बँक’ नावाची ठेवघरासारखी व्यवस्था सुरू झाली. तिला वार्षिक शुल्क होते. जुन्या खेळातून पुढे नेलेला प्राणी बहुधा मागे परत येत नसे. पण पुढे मात्र त्याला जागा असे, त्याच्यासोबत त्याच्या पहिल्या धन्याचे नाव आणि क्रमांक जात असे. दहाव्या वर्षी पाळलेला प्राणी पंचविसाव्या वर्षीही आपला म्हणून सोबत असावा, असे या रीतीमुळे घडले. बदलीच्या नोकरीत ज्यांनी बिऱ्हाडे हलवली आहेत, त्यांना प्रत्येक मुक्कामी सोबत नेलेल्या एखाद्या क्षुल्लक वस्तूचे मोल वेगळे सांगावयास नको.

जून २०१९ मध्ये ही रीत खंडित झाली. मालिकेचे निर्माते जुनिची मासुदा यांनी जाहीर केले की, येऊ घातलेल्या ‘स्वॉर्ड’ आणि ‘शील्ड’ या भागांत सर्व जुने प्राणी आणता येणार नाहीत. ब्रिटनच्या धर्तीवर कल्पिलेल्या गॅलार या भूमीच्या यादीत ज्यांचा समावेश असेल त्यांनाच प्रवेश मिळेल. ती यादी ४०० नोंदींची होती. नव्या जाती धरून एकूण जाती ८९० झाल्या होत्या. जगभरच्या खेळाडूंत क्षोभ उसळला.

हा क्षोभ न्याय्य होता काय? निर्मात्यांची बाजू प्रथम ऐकली पाहिजे. पहिल्या १५१ जातींचा संसार पुढे मोठा झाला, आणि कोणताही वाढता संसार कोठे तरी सीमा मागतोच. शिवाय घोषवाक्य म्हणजे करारनामा नव्हे. नवी कृती जुन्या कृतींच्या ओझ्याखाली जन्मभर वाकलेली असावी, असा आग्रह कोणत्याही कलेत धरता येत नाही. कादंबरीकाराने दुसऱ्या भागात पहिल्या भागातील प्रत्येक पात्राला उभे केलेच पाहिजे असे आपण म्हणत नाही. आणि निर्णय विक्रीच्या पाच महिने आधी उघडपणे सांगितला होता. ज्याने नोव्हेंबरात तो खेळ विकत घेतला, त्याला फसवले असे म्हणता येणार नाही.

तरीही प्रश्न येथे संपत नाही. प्रशासनाशी ज्यांचा संबंध आहे त्यांना ‘वैध अपेक्षा’ या तत्त्वाचा परिचय असेलच. १९६९ साली लॉर्ड डेनिंग यांनी इंग्लंडमधील एका निकालात हा शब्दप्रयोग केला. पुढे १९८४ मध्ये, ब्रिटिश सरकारने एका गुप्तवार्ता खात्यातील कर्मचाऱ्यांचे संघटनस्वातंत्र्य काढून घेतले तेव्हा, हाउस ऑफ लॉर्ड्सने असे मानले की, सेवाशर्ती बदलण्यापूर्वी संघटनांशी विचारविनिमय करण्याची जी प्रथा चालत आली होती, तिच्यातून अशी अपेक्षा निर्माण झाली होती. (राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने निकाल अखेर सरकारच्या बाजूने लागला, ही गोष्ट निराळी.) आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हे तत्त्व स्वीकारले आहे. त्याचा आशय असा की, सततच्या वागण्यातून निर्माण झालेली अपेक्षा हा स्वतंत्र हक्क नव्हे, परंतु ती केराच्या टोपलीत टाकण्याजोगीही नव्हे. रीत बदलता येते, मात्र लहरीखातर नव्हे. बदलणाऱ्यापाशी पुरेसे कारण असले पाहिजे.

हा कायदा राज्यसंस्थेसाठी आहे, खेळणी विकणाऱ्यासाठी नाही. पण त्यामागील नीती दोघांनाही लागू पडते, आणि या प्रकरणातील खरा मुद्दा तिनेच उलगडतो. मासुदा यांनी कारण दिले होते. नव्या यंत्रावर प्राण्यांचे चित्रण अधिक सरस आणि हालचाली अधिक बोलक्या करावयाच्या आहेत, झुंजींचा समतोल सांभाळावयाचा आहे, आणि एवढ्या जाती घेऊन ते शक्य नाही, असा त्याचा आशय होता. कारण पटण्याजोगे होते. परंतु जुनी रीत मोडताना जो माणूस कारण सांगतो, तो त्याच क्षणी एक नवे वचन देत असतो. ‘हे सोडतो, कारण ते साधावयाचे आहे’ असे म्हटले की ‘ते’ साधण्याचे उत्तरदायित्व येते. आधीचे वचन मुके होते. हे मात्र बोलून दाखवलेले असते.

१५ नोव्हेंबर २०१९ रोजी खेळ हाती आला तेव्हा अनेकांना ते वचन पुरे झालेले दिसले नाही. विस्तीर्ण मोकळे रान ही त्यातील नवलाई होती, हे मान्य केले पाहिजे. पण वाटा सरळसोट होत्या, आणि स्पाइकमथसारखे नगर जवळजवळ एका गल्लीत आटोपले होते. कथेचे तर विचारूच नये. संकट आले की वडीलधारी पात्रे खेळाडूला सांगत, हे आम्ही पाहतो, तू पुढे हो. ज्याच्या हातून पराक्रम घडावयाचा तोच प्रेक्षक झाला.

या कथेतील खलपुरुष, रोज नावाचा उद्योगपती, हजार वर्षांनंतर येणाऱ्या ऊर्जेच्या टंचाईने व्याकूळ झालेला आहे. या चिंतेपायी तो एका भीषण प्राण्याला जागे करतो. अजिंक्यपदाचा सामना उद्यावर आला आहे, तेवढा होऊ दे, मग मदत करतो, असे त्याला विनवले जाते. हजार वर्षांची काळजी वाहणाऱ्या या माणसाला एक दिवस थांबवत नाही. पुष्कळांनी या प्रसंगाची थट्टा केली. परंतु २०१६, २०१७, २०१८ आणि २०१९ या चारही वर्षी या मालिकेचा एकेक भाग नोव्हेंबरातच बाजारात आला, हे ध्यानात घेतले की थट्टा ओसरते. निर्मात्यांच्या मनात काय होते हे जाणण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण चिरकाल टिकावयाचे असलेल्या संग्रहाची घडी ज्या कारणासाठी मोडली, त्या कारणाला पुरेसा वेळ मिळालेला कृतीत दिसत नाही, एवढे म्हणता येते.

यावर विक्रीचे आकडे पुढे केले जातात. पहिल्या आठवडाअखेरीसच साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुढे १८ नोव्हेंबर २०२२ रोजी आलेल्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ या भागांत तांत्रिक दोष इतके होते की निन्टेन्डो कंपनीला क्षमा मागावी लागली, तरी त्यांच्या प्रती तीन दिवसांत एक कोटीच्या पुढे गेल्या. पण खप हे वचनपूर्तीचे प्रमाणपत्र नव्हे. माणसे निराश होऊनही विकत घेतात, कारण जुना स्नेह सहजासहजी सुटत नाही. नेमक्या या कारणामुळे निर्मात्याचे दायित्व वाढते. अनोळखी गिऱ्हाइकाला माल आवडला नाही तर तो दुसऱ्या दुकानात जातो. स्नेही मात्र जात नाही, आणि जो जात नाही त्याच्याशी हिशेब अधिक चोख ठेवावा लागतो.

संग्राहकालाही दोन शब्द सांगावयास हवेत. ‘सर्व’ हा शब्द मोहक असतो, पण जी गोष्ट वाढत राहते तिच्यात ‘सर्व’ कधीच हाती येत नाही. २०२० मध्ये पुरवणी भाग आले तेव्हा दोनशेहून अधिक जुने प्राणी परतले, आणि पुरवणी विकत न घेणाऱ्यांनाही आपले जुने प्राणी आणता आले. ऋणाचा काही भाग अशा रीतीने फेडला गेला, याची नोंद रागावलेल्यांनीही करावयास हवी होती. अपेक्षाभंग म्हणजे अन्याय नव्हे. ज्याने आपल्याला वीस वर्षे आनंद दिला, त्याने एकविसाव्या वर्षीही तो दिलाच पाहिजे असा हक्क कोणालाही नाही.

परंतु एवढे मागण्याचा हक्क निश्चित आहे, की जे कारण सांगून त्याने हात आखडला, ते कारण त्याच्या कामात दिसावे. अधिकाराच्या जागी बसलेला प्रत्येक माणूस कधी ना कधी एखादी जुनी सवलत बंद करतो, एखादी वहिवाट मोडतो. लोक कुरकुरत का होईना, पण ते सोसतात. सोसत नाहीत ते, मागाहून त्या कारणाचा मागमूसही न उरणे. न दिलेल्या वचनाचे ऋण कदाचित माफ होईल. दिलेल्या कारणाचे ऋण मात्र फेडावेच लागते.