काकवीचा पाव

काही वर्षांपूर्वी मी माझ्या मुलीकडे कॅनडाला तीन महिने राहून आले. ती नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या हॅलिफॅक्स शहरात नर्स आहे. तिच्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजीबाई राहत. दर शनिवारी त्या ओट्सचे छोटे मऊ पाव भाजायच्या आणि आम्हाला चार आणून द्यायच्या. एके दिवशी त्यांनी मला शिकवायला बोलावले. ओट्यावर मैदा, लोणी, ओट्स असे सगळे मांडले होते. शेवटी त्यांनी कपाटातून एक काळसर बाटली काढून तिचे झाकण उघडले, आणि मला एकदम आपल्या गावची आठवण झाली. आपल्याकडे गळिताच्या दिवसांत वारा फिरला की कारखान्याकडून मळीचा वास येतो, संध्याकाळच्या रोझरीला बसलेल्या बाया पदर नाकाला लावतात, तोच वास! त्यात थोडा गोडपणा अधिक, एवढाच फरक. बाटलीत होते मोलॅसिस. उसाचा रस आटवून साखरेचे दाणे वेगळे काढले की जो काळा दाट पाक मागे राहतो तो. आपल्या कारखान्यातल्या मळीचा हा खाण्याजोगा, स्वच्छ भाऊ म्हणा. (कारखान्याची मळी कोणी स्वयंपाकात घालू नये. ती दारूभट्टीत आणि इथेनॉलला जाते.)

कृती सांगते, कारण मागच्या नाताळात ज्यांनी ज्यांनी हे पाव खाल्ले त्या सगळ्यांनी विचारली आहे. एक वाटी ओट्सवर दीड वाटी उकळते पाणी ओतायचे. त्यातच दोन चमचे लोणी, दीड चमचा मीठ आणि पाव वाटी काकवी. मोलॅसिस आपल्याकडे सहजी मिळत नाही, म्हणून मी गुऱ्हाळावरची काकवी वापरते. आता घाई करायची नाही. ओट्स फुगून मिश्रण बोटाला सोसेल इतके कोमट झाले पाहिजे, नाहीतर यीस्ट मरते. मी पहिल्यांदा तेच केले आणि पावाऐवजी विटा निघाल्या. दोन चमचे यीस्ट कोमट पाण्यात फेसाळू द्यायचे, ते मिसळायचे आणि मावेल तसा मैदा घालत जायचे, साधारण साडेतीन-चार वाट्या. कणीक थोडी चिकटच राहते. दहा मिनिटे मळून, झाकून, दुप्पट फुगेपर्यंत ठेवायची. मग सोळा गोळे करून ताटलीत एकमेकांना जवळजवळ चिकटून मांडायचे. आपली लादी असते ना, तसे. कडा एकमेकींना टेकलेल्या असल्या की त्या कडक होत नाहीत. पुन्हा अर्धापाऊण तास फुगू द्यायचे आणि १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे भाजायचे. बाहेर काढले की वरून लोणी फिरवून कापडाखाली झाकायचे. ओट्स पाणी धरून ठेवतात आणि काकवीही ओल सोडत नाही, म्हणून हे पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात.

आजीबाई सांगत होत्या, हा गरिबाचा पाव. साखर महाग होती, ती श्रीमंताच्या टेबलावर. आमच्या आईबापांना परवडायचे ते मोलॅसिस. ओट्स स्कॉटलंडहून आलेल्या लोकांची सवय. मी विचारले, "आणि मोलॅसिस कुठून यायचे? इथे तर ऊस नाही." त्या म्हणाल्या, जहाजाने, कॅरिबियन बेटांवरून. इकडून खारवलेला मासा जायचा, तिकडून मोलॅसिस आणि रम यायची.

मी शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला. त्या एका वाक्याने माझी झोप उडाली. त्या बेटांवर, बार्बाडोसला, जमैकाला, ऊस कोण तोडत होते ते मला ठाऊक होते. आफ्रिकेतून साखळदंडांत आणलेली माणसे. आणि इकडून जाणारा खारा मासा कोणता? चांगला मासा युरोपात विकला जाई. मोडलेला, कमी प्रतीचा, ज्याला दुसरे गिऱ्हाईक नाही तो बेटांवर जाई, गुलामांना खायला. पुढे न्यू इंग्लंडमध्ये मोलॅसिसपासून रम होई, आणि त्या रमच्या बदल्यात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणखी माणसे विकत घेतली जात. हा व्यापार इतका मोठा होता की १७३३ मध्ये ब्रिटिश संसदेने परक्या मोलॅसिसवर गॅलनमागे सहा पेन्स कर बसवणारा खास कायदा केला. म्हणजे गरिबाच्या पावातला गोडवा त्याच्याहून गरिबाच्या पाठीवरून आलेला. त्यात आजीबाईंचा काय दोष? त्यांच्या पणजीचा तरी काय दोष होता? आणि दोष नसेल, तर मला तो पाव गिळताना अडखळल्यासारखे का झाले?

हाच माझा प्रश्न आहे. आपल्या ताटात आलेल्या वस्तूमागे कोणाचा छळ असेल, तर खाणाऱ्याचे त्यात काही देणे लागते का? लागत असेल तर किती?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला असे नाही. न्यू जर्सीत जॉन वुलमन नावाचा एक शिंपी होता, क्वेकर पंथाचा. त्याने गुलामांच्या श्रमातून येते म्हणून साखर खाणे सोडले. गुलाम ठेवणाऱ्या घरी मुक्काम पडला, तर निघताना तो त्या घरातल्या गुलामांना त्यांच्या चाकरीचे पैसे देई. यजमानाला ते किती झोंबत असेल! १७७२ मध्ये तो इंग्लंडात वारला. पुढे १७९१ मध्ये विल्यम फॉक्सने लंडनमध्ये एक पुस्तिका काढली. त्याने सरळ हिशोबच मांडला. आठवड्याला पाच पौंड साखर खाणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती वर्ज्य केली, तर एक माणूस गुलामीतून किंवा मृत्यूतून वाचेल. क्लार्कसन या गुलामीविरोधी कार्यकर्त्याच्या अंदाजाने त्या काळी इंग्लंडात तीन लाख लोकांनी ही साखर सोडली होती. घरोघरी हे ठरवले ते मुख्यतः बायकांनी, कारण साखरेचा डबा त्यांच्या हातात.

नंतर तिथे साखरेची काही भांडी निघाली. त्यांवर लिहिलेले असे की ही साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी केलेली नाही. ईस्ट इंडिया म्हणजे आपला हिंदुस्थान. इथल्या गुलामीला कायद्याची मान्यता नाकारणारा कायदा मात्र १८४३ सालचा! त्या भांड्यातली साखर चहात घालणाऱ्या बाईंचे मन साफ होते, यात मला शंका नाही. साखर किती साफ होती ते देव जाणे.

आपल्या ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात यावर जुना विचार आहे. अठराव्या शतकातल्या संत आल्फोन्सस लिगोरी यांनी तो नीट मांडला. दुसऱ्याच्या पापाला आपली संमती असेल, तर तो उघड सहभाग, आणि तो नेहमीच पाप. संमती नाही, पण आपल्या कृतीचा त्याला कुठेतरी हातभार लागतो, तर तो केवळ वस्तुतः सहभाग. तो जवळचा की दूरचा, आणि तो पत्करायला कारण किती मोठे, हे पाहून ठरवायचे. या मापाने पाव खाणारा फार दूर उभा असतो. ही विभागणी मला पटते. तिच्यावाचून शहाण्या माणसाला बाजारात पाऊल टाकता येणार नाही. पण खरे सांगायचे तर 'दूर' हा शब्द फार सोयीचा आहे. तो वापरून मी कितीतरी रात्री शांत झोपले आहे.

पवित्र शास्त्र पाहावे तर तिथेही दोन्ही बाजूंनी सापडते. संत पौल करिंथकरांस सांगतात की बाजारात जे मांस विकतात ते खा, विवेकबुद्धीसाठी चौकशी करत बसू नका. आणि शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजाची गोष्ट आहे. बेथलेहेम पलिष्ट्यांच्या ताब्यात असताना तिथल्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी प्यावे असे त्याला वाटले. त्याचे तीन वीर शत्रूची फळी फोडून गेले आणि पाणी घेऊन आले. पण दावीदाला ते पिववेना. ज्यांनी जीव धोक्यात घातला त्यांचे ते रक्तच, असे म्हणून त्याने ते प्रभूपुढे ओतून टाकले. लहानपणी उपदेशात ही गोष्ट ऐकली की माझा ऊर भरून येई. आता वय झाल्यावर वेगळेच मनात येते. त्या तिघांना काय वाटले असेल? जिवावर उदार होऊन आणलेले पाणी डोळ्यांदेखत मातीत गेले.

परत आल्यावर मी काकवी घालून हे पाव करू लागले. गुऱ्हाळ आपल्या माहितीतले. चुलवाणाशी कोण उभे आहे, काहिलीतला रस कोण ढवळतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तरी ऊस कोणीतरी तोडलेलाच. आणि तो कोण तोडते हे या धर्मग्रामात मी कोणाला सांगायची गरज नाही. दिवाळी झाली की आपल्या चर्चमधले निम्मे बाक रिकामे होतात. आपली माणसे टोळीबरोबर कोल्हापूर, सांगली, कर्नाटकापर्यंत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची उचल फिटेपर्यंत सुटका नाही. आजारपणात एक दिवस चुकला तरी खाडा धरतात. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीपुढे एकट्या बीड जिल्ह्यातल्या १३ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भाशये काढल्याची नोंद आली. खाडा नको म्हणून! बार्बाडोस फार लांब आहे, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

दोन वर्षांपूर्वी मिस्सानंतर मी असे सोळा पाव आवारात वाटले. कोयत्यावर जाणारी एक भगिनी हातात पाव घेऊन माझ्याशी बोलत उभी होती. (तिला विचारून हे लिहिते आहे. नाव तेवढे घालू नका म्हणाली.) माझ्या डोक्यात वुलमन आणि फॉक्स घोळत होते. मी तिला म्हणाले, मला आता साखर सोडावीशी वाटते. तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मला ताप भरला आहे.

"बाई, तुम्ही साखर सोडल्यानं आमचा काय फायदा? ऊस तोडायचाच राहिला तर आम्ही उचल कुठून फेडायची?"

मी गप्प. १७९१ च्या हिशोबात आणि आजच्या हिशोबात फरक आहे, तो तिने एका वाक्यात दाखवला. तिथे गिऱ्हाईक घटले तर कमी माणसे पकडून आणली जातील, असा फॉक्सचा हिशोब होता. इथे गिऱ्हाईक घटले तर हिचीच चूल विझते. मी साखर सोडायची म्हणजे दावीदासारखे पाणी ओतून टाकायचे, आणि ती ते पाहत उभी राहणार. आणि तिकडेही नुसत्या साखर सोडण्याने गुलामी गेली नाही हे विसरू नये. १८३१ च्या नाताळात जमैकात सॅम्युएल शार्प या बॅप्टिस्ट उपदेशकाच्या पुढाकाराने उसाच्या मळ्यांतल्या गुलामांनी काम बंद केले. त्याचे पुढे बंड झाले. शार्पला फाशी दिले. १८३३ मध्ये संसदेने गुलामी संपवण्याचा कायदा केला.

"मग काय केलं म्हणजे तुमचा फायदा होईल?" मी विचारले. मला वाटले मजुरीचा दर सांगेल, खाड्याचे सांगेल. ते तिने सांगितलेच. कोप्यांजवळ पिण्याचे पाणी नसते, हेही सांगितले. मग पाव अर्धा मोडून लेकीच्या हातात देत म्हणाली, "हिला सहा महिने तुमच्याकडं ठेवून घेता का? सहावीत आहे. तिकडं नेली की धाकट्याला सांभाळत बसती, परत आली की शाळंत सगळं विसरलेली."

मी म्हणाले, "विचार करून सांगते."

काय विचार करायचा होता? घरात मी एकटी. खोली रिकामी. शाळा हाकेच्या अंतरावर. पण जबाबदारी, मुलीची जात, आजारी पडली तर, लोक काय म्हणतील, अशी यादी मी आठ दिवस करत राहिले. रात्री संत आल्फोन्ससचा दूरचा आणि जवळचा सहभाग वाचत होते! नवव्या दिवशी पहाटे ट्रक गेला. मुलगी त्यातच होती. मार्चअखेर ती परतली तेव्हा सहावीची परीक्षा तोंडावर होती, आणि तिला अपूर्णांक येत नव्हते.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या आपल्या परिपत्रकात म्हटले आहे की विकत घेणे ही नुसती व्यवहाराची नव्हे, नैतिक कृतीही आहे. मी ते मानते. पण विकत घेण्याआधी आणि नंतरही काही कृती असतात, आणि त्यांना 'दूर' हा शब्द लावता येत नाही, हे मला त्या ट्रकच्या धुळीत उभे राहून कळले. ती बाई मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

गेल्या वर्षी दिवाळीआधी मीच तिच्या घरी गेले. आता मुलगी माझ्याकडे दुसरा हंगाम काढते आहे. आठवीत आहे. अपूर्णांक जमू लागले, बीजगणिताशी भांडण चालू आहे. आई-बाप रविवारी टोळीतल्या कोणाच्या तरी फोनवरून बोलतात. तिला हे काकवीचे पाव अजिबात आवडत नाहीत. चार दिवस केले की पाचव्या दिवशी भाकरी मागते, आणि मला तव्याशी उभे करते.