तरंगणारी वीट

ज्वारीचे ताट बाहेरून टणक आणि आतून भुसभुशीत असते. तेवढ्या थोडक्या द्रव्यावर, माथ्यावर कणसाचा भार घेऊन ते वाऱ्यात डोलत उभे राहते. पाखराच्या पोकळ हाडातही हीच काटकसर दिसते. बळ नेहमी वजनातच नसते, हा निसर्गाचा धडा आजचे अभियंते आवर्जून गिरवीत आहेत.

धाराशिव जिल्ह्यातील तेर गावी तो फार पूर्वी गिरवला गेला होता. तेरणेकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर नगर. येथे सापडलेल्या काही जुन्या विटा पाण्यावर तरंगतात! मातीत धानाचे तूस कालवून वीट भाजली, की तूस जळून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. वीट हलकी होते.

याच जिल्ह्यातील लोहारा आणि उमरगा भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूमी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा मातीचा थर निजलेल्या माणसांवर कोसळला. शेजारच्या लातूरसह या भागात हजारोंनी प्राण गमावले. त्या घरांना आपण नावे ठेवू नयेत. दगड रानात मिळे, माती गावातली असे, जाड भिंत उन्हाळा सुसह्य करी. केवळ हलक्या विटेने सारे तरले असते असे म्हणणेही भाबडेपणाचे ठरेल. भिंतींना एकत्र बांधणारे पट्टेही हवेच होते. परंतु भारानेच घात केला, हे मात्र खरे.

येथे आपल्यापुढे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. १९४१ साली जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याने कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळे निरखली. त्यातून निघालेली चिकटपट्टी आज जगभरच्या बुटांवर आणि पिशव्यांवर आहे. ही कल्पकता कौतुकास्पदच आहे. मात्र जे विकले जाते ते घरोघर पोहोचते, आणि जे जीव वाचवू शकेल ते गरिबाच्या उंबऱ्यापाशी अडते. असे का व्हावे?

निसर्ग आपल्या युक्तीचे मोल मागत नाही. आपण श्रद्धावंत तर ती युक्ती निर्मात्याची देणगी मानतो. मग फुकट मिळालेल्या या ज्ञानाचे ऋण फेडायचे कसे? ज्याच्या डोक्यावरचे छप्पर सर्वांत जड आहे, त्याच्या घरापर्यंत ते आधी नेऊन, असे आम्हांस वाटते. एरवी शहाणपणाची वीट संग्रहालयात तरंगत राहील आणि शेजारी मात्र ढिगाऱ्याखाली सापडेल.