ठेव

माझ्या घरी काचेच्या कपाटात वडिलांचा यशिका मॅट ठेवलेला आहे. येणारा-जाणारा त्याच्याकडे बघून हमखास म्हणतो, ‘किती आठवणी असतील नाही याच्यात!’ मी मान डोलावतो. खरं तर त्यात एकही आठवण नाही. बारा फोटोंचा रोल संपला, बाहेर काढला, की कॅमेऱ्याजवळ काही उरत नसे. इतकी विसरभोळी वस्तू दुसरी नसेल. आठवण राहायची ती निगेटिव्हमध्ये. आणि निगेटिव्ह मी विकल्या.

सांगलीत आमचा फोटो स्टुडिओ होता. वडिलांना, म्हणजे नानांना, गिऱ्हाइकापेक्षा डार्करूम जवळची. फिल्मवर उजेड पडतो तेव्हा चांदीच्या क्षारांत अगदी सूक्ष्म बदल होतो. डोळ्यांना तो दिसत नाही. डेव्हलपरमध्ये घातल्यावर जिथे उजेड पडला तिथे काळी चांदी उमटते आणि हायपोमध्ये उरलेले क्षार धुऊन जातात. म्हणजे कृष्णधवल निगेटिव्हमधला माणूस शब्दशः चांदीचा असतो. नाना त्या फिल्मवर टोकदार पेन्सिलीने रिटचिंग करत, वाळवून कागदी पाकिटात घालत, पाकिटावर नंबर टाकत. तोच नंबर वहीत आणि तोच फोटोच्या पाठीवर.

तो नंबर घेऊन माणसं परत येत. बहुतेक वेळा घरात कुणीतरी गेल्यावर. लग्नातल्या जोडीच्या फोटोतून एकालाच वेगळं करायचं, मोठं करायचं, फ्रेम करून हार घालायचा. मग नाना नंबर बघून पाकीट शोधत आणि दुसऱ्या दिवशी या म्हणत. पाकीट सापडलं नाही असं झाल्याचं मला आठवत नाही.

२००५च्या पुरात पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा नानांनी आधी निगेटिव्हचे खोके माळ्यावर चढवले. मी कॅमेरा उचलत होतो, तर ओरडले, ‘तो राहू दे रे. तो आपला आहे.’ तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. महागडी वस्तू सोडून हे प्लॅस्टिकचे तुकडे काय वाचवतात, असंच वाटलं.

नाना गेल्यावर मी दुकान आवरायला काढलं. डिजिटल आल्यापासून पासपोर्ट फोटोंवर कसंबसं चाललं होतं. जुन्या एक्स-रे फिल्म विकत घेणारा एक भंगारवाला आला. त्याने खोके उघडून पाकिटं उजेडात धरली, रंगीत निगेटिव्ह बाजूला सारल्या. त्यांत चांदी उरत नाही, ती धुतानाच निघून जाते. राहतो तो नुसता रंग. कृष्णधवल तेवढ्या त्याने काट्यावर घातल्या. आलेल्या पैशांत थकलेलं वीजबिल भागलं. कॅमेरा मात्र मी आठवण म्हणून घरी आणला.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पूर आला. पाणी ओसरल्यावर मी दुकानातला चिखल काढत होतो, तेव्हा नदीकाठच्या एका गावातून साठीचा एक माणूस आला. हातात फ्रेम होती. काचेला आतून फोटो चिकटलेला, चेहऱ्याच्या जागी पांढरट डाग.

‘नानांचं चिरंजीव न्हवं तुमी? आईचा हाय. जल्मात एकच फोटो काढला तिनं. मागं नंबर हाय बगा. नाना म्हनलं होतं, कदीबी या.’

पाठीवर नानांच्या अक्षरात नंबर होता, ओला तरी स्पष्ट. मी चिखलाने भरलेल्या खोलीकडे हात केला आणि म्हणालो, ‘सगळं पाण्यात गेलं हो.’

तो जरा थांबला. मग त्यानेच माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘तुमचंबी गेलंच की. नदीम्होरं कुनाचं काय चालतंय?’

त्या हाताचं वजन अजून उतरलेलं नाही. तेव्हापासून एकच प्रश्न मनात आहे: ती निगेटिव्ह कुणाची होती?

कायद्यापुरतं पाहिलं तर १९५७चा कॉपीराइट कायदा सांगतो की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोच्या हक्काचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाराच. फिल्मचा तुकडा मात्र रिवाजाने स्टुडिओत राही. म्हणजे प्लॅस्टिक आमचं, चेहरा त्या बाईंचा. मी प्लॅस्टिक विकलं असं म्हणावं, तर चेहरा त्यापासून सोडवून ठेवता येत नव्हता.

फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांचं फोटोग्राफीवरचं एक पुस्तक १९८०मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात आईच्या लहानपणीच्या एका फोटोबद्दल ते पानंच्या पानं लिहितात, पण तो फोटो छापत नाहीत. इतरांना तो चारचौघींसारख्या एका मुलीचा फोटो दिसेल, त्यांना जे दिसतं ते दिसणार नाही, म्हणून. हे वाचलं तेव्हा माझी चूक नेमकी कुठे झाली ते कळलं. खोके विकताना मी काही पाकिटं उघडून पाहिली होती. अनोळखी माणसं, एकसारखे पडदे, एकसारखी स्टुलं. यांचं कुणाला काय, असं वाटलं. पण ठेव सांभाळणाऱ्याने ठेवीची किंमत करायची नसते. ती मला मोलाची वाटते म्हणून जपायची नसते; कुणाला तरी वाटेल, आणि तो कोण ते मला ठाऊक नाही, म्हणून जपायची असते. ‘तो आपला आहे’ म्हणताना नाना हेच सांगत होते. आपलं बुडालं तर बुडू दे, लोकांचं आधी वर काढ.

फिल्म गेली याचं मला फारसं दुःख नाही. जन्मात एकच फोटो असणं यात कसली आली श्रीमंती? आज त्या माणसाच्या नातवंडांचे शेकडो फोटो त्याच्या मोबाइलमध्ये असतील, आणि ते चांगलंच आहे. पण मोबाइल हरवला, पासवर्ड विसरला, तर तो कुणाच्या दारात जाऊन उभा राहील? आपला चेहरा सांभाळण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे असा एक माणूस गावात असायचा. तो माणूस संपला. आमच्या गल्लीत तर मीच त्याला संपवला.

राहतं ते खोटं. त्याला जाऊन खरं सांगावं का? फोटो तर मिळणार नाही. माझं मन हलकं होईल आणि त्याचं समाधान जाईल, अशी सबब मी बरेच दिवस स्वतःला देत आलो. आता ती पटत नाही. नदीवर रागावता येत नाही. माझ्यावर आलं असतं. त्याच्या आईचा चेहरा मी वजनावर विकला आणि वर त्याचा रागावण्याचा हक्कही काढून घेतला. शिवाय त्याच्याकडून सांत्वन घेतलं.

रंगीत निगेटिव्हचे खोके अजून आहेत. त्यांचे रंग उतरत चालले आहेत. दुकानाच्या शटरवर मी पाटी लावली आहे: नंबर घेऊन या, निगेटिव्ह घेऊन जा. आतापर्यंत चौघे आले. वहीत त्या माणसाच्या गावाचं नावही आहे, आईच्या नंबरासमोर, नानांच्या अक्षरात. एसटीने तासाभराची वाट आहे. अजून गेलेलो नाही.